मोरणीच्या दोन रेघा

आमच्या दूध संस्थेनं नोंदींचा आराखडा काढायला तीन सॉफ्टवेअर बघायला मागवली, आणि त्यांत जी रेघ ओढावी ती संध्याकाळच्या धारेपर्यंत गावात खरी होत होती. त्यामुळं निवड घाईनं करून चालणार नव्हतं.

मी संस्थेची संचालक. सही येत नाही, अंगठा चालतो. सेक्रेटरी उत्तम भोंगळेनं मला समजावलं, "आत्ती, पडद्यावर चौकटी असतात. एकीत म्हशी, एकीत सभासद. कोण कुणाचं ते रेघेनं जोडायचं. मग कॉम्प्युटर त्याच बेतानं नोंदी ठेवतो."

सोमवारी पहिलं लावलं. देखणं, रंगीत. पण त्यात एका म्हशीला एकच मालक. भोंगळेनं रेघा ओढल्या. चारच्या सुमाराला ठकूबाईच्या गोठ्यातली मोरणी खुंट्यासकट निघाली आणि सोपान खिलाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मोरणी अर्धेलीची. म्हैस खिलाऱ्याची, सांभाळ ठकूबाईचा, दूध निम्मं निम्मं. आठ वर्षं असंच चाललेलं. ठकूबाईला दुसरं जनावर नाही.

ती ऑफिसात आली. "उत्तम, माझी म्हैस कुठं गेली?"

"काकू, अजून चाचणी चालू आहे."

"माझ्या चुलीला सांग चाचणी."

बुधवारी दुसरं. त्यात दोन मालक चालत होते, पण अगदी सारखे. मोरणी दोन्ही घरांच्या बरोबर मधे, रस्त्यात उभी राहिली. भोंगळेनं टेप लावून बघितला, बोटाचा फरक नाही. एसटी दीड तास थांबली. कंडक्टरनं कारण विचारलं, आम्ही सांगितलं, त्यानं लिहून घेतलं.

शुक्रवारी तिसरं. मळकट, आणि उघडेपर्यंत चहा होतो. पण त्यात म्हैस आणि माणूस यांच्या मधे आणखी एक चौकट ठेवता येत होती. कोण तिचं काय करतं, कधीपासून, ते तीत लिहायचं.

"सांगा काकू," भोंगळे म्हणाला.

"वैरण, पाणी, शेण, धार. हिची आई आटली त्या सालापासून," ठकूबाई म्हणाली. चौकट भरली.

"खिलारे, तुम्ही?"

"मी मालक आहे."

भोंगळेनं दोनदा दाबून बघितलं. "घेत नाही. काम विचारतंय."

खिलाऱ्याची चौकट रिकामीच राहिली.

मीटिंगला चेरमन म्हणाले, "पहिलंच घ्या. रंग चांगले आहेत."

"रंग काय चाटायचेत?" मी म्हटलं.

"आत्ती, तिसऱ्यात खिलाऱ्याची चौकट रिकामी राहिली, तर त्याची म्हैस जाईल," भोंगळे म्हणाला.

तेव्हा खिलाराच उठला. "पहिल्यानं मला अख्खी म्हैस दिली, पण दोन दिवस तिनं पान्हा चोरला. थेंब नाही. तिसरं घ्या. माझ्या नावावर रोज एक पेंढी लिहा."

मी अंगठा उमटवला.

आता खिलारा रोज पाचला कडब्याची पेंढी घेऊन ठकूबाईच्या गोठ्यात येतो. परवा त्याला ताप भरला. पडद्यावर त्याची रेघ पुसट व्हायला लागली तसा भोंगळेनं फोन केला. बायकोनं त्याला घोंगड्यात गुंडाळून आणला.

"एवढ्या तापात कशाला आलास?" ठकूबाई म्हणाली. "उद्या चाललं असतं."

"उद्या म्हैस तुझी झाली असती."

"झाली असती की," ठकूबाई म्हणाली, आणि वाटेतनं बाजूला झाली.

खिलाऱ्यानं पेंढी टाकली. मोरणीनं हुंगली, एक काडी उचलली. लगेच ऑफिसातनं भोंगळेचा फोन आला.

"रेघ जाड झाली. जाऊन झोपा."