मंजुळाच्या जिभेवरचं पितळ

"पितळेच्या टोपात रांधलंस का गं?" तळहातावरचा कालवणाचा थेंब चाटून मंजुळा कडाडली.

"मातीच्या तवलीत रांधलंय, आई. समोरच तर हाय," सून हेमांगी म्हणाली. "डॉक्टर बोलले नवते का? पोटातल्या जंतूंच्या गोळ्यांनी तोंडाला पितळेची चव येईल, पोट पन ढिलं होईल."

"गोळी पोटात जाते. जिभेवर काय खाट टाकून झोपते?"

डॉक्टर बोईसरचा, मोठा शिकलेला. पण या घरात मंजुळाने चाखल्याशिवाय पाहुण्यांचं पान वाढलं जात नसे. जीभ गेली म्हणजे चूल गेली, आणि चूल गेली की सासू कोपऱ्यातली केरसुणी. एवढं कळायला शाळा लागत नाही. त्यात आज नात तेजलला बघायला उमरोळीहून पाहुणे येणार होते. मुलाची आजी पारू म्हणजे खवट बाई. कालवण फसलं तर गावभर डांगोरा पिटणारी.

"ओतून टाक मागं!" मंजुळाने फर्मान काढलं. "मीच करते. या घरात एकीला तरी रांधता येतं."

हेमांगी तवली उचलून मागच्या दाराने गेली.

उरलेल्या पापलेटांचं मंजुळाने दुसरं कालवण केलं. चाखलं. पितळ! रागाने मूठभर आमसुलं टाकली. तरी पितळच. मग मीठ, मग मिरच्या, मग पुन्हा मीठ. "मीठ पन भेसळीचं देतात मेले!" दुकानदाराच्या सात पिढ्या निघाल्या. तेवढ्यात पोटात असं काही गडगडलं, की ती शिव्या अर्ध्यावर टाकून परसातल्या संडासाकडे पळाली.

पाहुणे दारात आले तेव्हा घरधनीण आतून कडी लावून बसली होती.

"वाढ गं! मी चाखलंय!" संडासातूनच हुकूम सुटला.

पदर सावरत ती घरात आली, तर पारू बोटं चाटत होती. "मंजुळाबाय, काय कालवण झालंय! कोनी रांधलं?"

"मी! दुसरं कोन?" मंजुळाची मान ताठ झाली. "सुनेचं ओतून टाकलं. तोंडात घालवत नवतं."

"मग हलदीचं जेवन पन तुमीच करा. आमच्याकडून सोयरीक पक्की!"

हेमांगीने गुपचूप सासूपुढे वाटी ठेवली. "आई, तुमी पन घ्या ना. तुमच्याच हातचं हाय."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? हसऱ्या तोंडाने तिने वाटीभर पितळ गिळलं. पोटाने पुन्हा इशारा दिला आणि ती परत पळाली.

मघाशी घरात परतताना घाईत न दिसलेलं आता दिसलं. नारळाच्या बुंध्याशी लालभडक कालवण सांडलेलं होतं. वर मूठभर आमसुलं, मिरच्यांचा सडा. तिनेच घातलेल्या. म्हणजे आत पारू जे चाटत होती ते...

राग पार टाळूला भिडला. पण ओरडणार कुणावर? आत पेढा फिरत होता.

शेजारची मांजर आली, सांडलेलं पापलेट हुंगलं आणि शेपूट वर करून चालती झाली.

"मेले," मंजुळा दात-ओठ खात, पण हळूच म्हणाली, "तुला पन डॉक्टराने गोळ्या दिल्या का?"