भिकननानांनी बांधलेली सायकल

भिकननानांच्या घरात विकत आणलेली वस्तू शोधायची तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागे. चपला त्यांनीच शिवलेल्या, खाट त्यांनीच विणलेली. टेबलफॅनही त्यांनीच जोडलेला. तो वारा कमी आणि आवाज जास्त देई. धुळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तो आवाज आम्हालाही फुकट मिळे. कुणी काही म्हटलं की नाना शांतपणे सांगत, “तयार माल बठ्ठा दुसराना मापना ऱ्हास.” म्हणजे सगळा दुसऱ्याच्याच मापाचा.

म्हणून सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी सायकल बांधायला घेतली तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. सायकल सुमनसाठी होती. सुमन त्यांची एकुलती एक लेक; हाक मारताना ते तिला ‘माय’च म्हणत. आई लहानपणीच गेलेली, डावा पाय पोलिओनं अधू. जूनमध्ये तिचं कॉलेज सुरू होणार होतं. जाईन तर एकटी जाईन, नाहीतर घरी बसेन, असं तिनं बजावलं होतं. बाप हट्टी, मग लेक कशी वेगळी निघेल!

मी शहाणपणानं सुचवलं, की लेडीज सायकल दुकानात तयार मिळते. नानांनी मला त्याच दुकानात नेलं, तसल्याच सायकलवर बसवलं आणि डाव्या पायाला जोर न लावता चालवायला सांगितलं. उजवं पायडल खाली गेलं ते तिथंच बसलं. दहा पावलांवर मी टायरांच्या चळतीत होतो.

मग त्यांनी मला समजावलं. साध्या सायकलीचं चाक फिरत राहतं, पण पायडल थांबू शकतं. त्यांना मागचं दातेरी चक्र चाकाशी पक्कं जोडायचं होतं, म्हणजे चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच. “तिना पाय उचलना नही, ते चाक उचली,” ते म्हणाले.

सांगाडा भंगारातून आला. चाचणी नानांनी स्वतःच घेतली, डावा पाय चामडी पट्ट्यानं पायडलला बांधून. पांझरेच्या पुलाच्या उतारावर त्यांनी वेग आवरायला पायडल मागं दाबलं, तसं चक्राचे आटे उलटे फिरले, चक्र सुटलं, साखळी उडाली. ब्रेक त्यांनी बसवलेलेच नव्हते. दोन्ही गुडघे फोडून घेऊन ते सायकल ढकलत आले. गल्लीनं एकमुखानं सांगितलं, आता रिक्षा लावा. नाना चूक स्वतःवर घेत म्हणाले, “चाकनी चूक नही, मनी शे.” दुसऱ्या दिवशी लंगडत लेथवाल्याकडे जाऊन त्यांनी चक्र वेल्डिंग करून आणलं आणि दोन ब्रेक बसवले. मग पुन्हा त्याच उतारावर गेले. सलग आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सुमनला नेलं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सुमन निघाली. तिचा डावा पाय उजव्याच्या बरोबरीनं फिरताना आम्ही पहिल्यांदाच पाहिला. ती गल्लीच्या टोकाशी वळली, मागं न बघता. नाना घड्याळ बघून म्हणाले, चला, कचेरीला उशीर होतोय.

पहिलीपासून दहावीपर्यंत लेकीला सायकलवर मागं बसवून, शाळेत सोडूनच ते कचेरीत जात असत. त्यांनी आपली जुनी सायकल काढली, टांग मारली आणि एक पाय जमिनीला टेकवून थांबले. मला वाटलं, डबा विसरले असतील.

पुढे बघतच त्यांनी विचारलं, “बसनी का माय?”

बऱ्याच वेळानं त्यांनी पायडल मारलं.