साळिंदराच्या लेकीचा पांगुळगाडा

एका जंगलात साळिंदराचं एक सुखाचं घर होतं, आणि बुधवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांपर्यंत ते तसंच होतं. बाळांनो, वेळ पक्की सांगून ठेवते, कारण पुढचं काहीच वेळेवर झालेलं नाही.

साळिंदराचं नाव दिनकर, बायकोचं मालन. त्यांना एकच लेक, छबू. शेजारच्या मुंगसाची पोरं छबूच्याच बरोबरीची, पण ती बिळातून आतबाहेर पळायची. छबू रांगायची. उभी केली की डुलायची आणि मटकन बसायची.

मालन रोज तिच्या पायांना तेल चोळायची. चोळताना एक पाय बारीक तर नाही ना, हे बघायची. एक दिवस डावा बारीक वाटायचा, दुसऱ्या दिवशी उजवा. त्यात शेजारची मुंगशीण हौसाबाई येता-जाता विचारायची, "अजून नाही का गं?" की झालं, मालनला त्या दिवशी घास गोड लागायचा नाही.

यावर उपाय एकच, पांगुळगाडा. खाली तीन लाकडी चाकं, वर धरायला दांडा. पोर धरतं, ढकलतं, आणि ढकलता ढकलता पाऊल टाकतं. दिनकरच्या ओसरीत हौसेने घेतलेला छोटा लेथ होता आणि खाचा पाडायला छोटं मिलिंग मशीन. मोटर लाकूड फिरवायची, बाकी सगळं हँडल हाताने फिरवून करायचं. त्यावर तो भोवरे करायचा, लाटणी करायचा. तीन चाकं म्हणजे त्याचं एका सकाळचं काम.

त्या बुधवारी पहिलं चाक अर्धं झालं होतं. तेवढ्यात नारबा घोरपड चहाला आला. हा दिनकरचा मित्र. उभ्याउभ्या बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "दिनूभाऊ, अजून हातानेच?"

बस, एवढंच. दिनकरने लेथ बंद केला.

मग नारबाने चहा पीत सगळं समजावलं. साधी मोटर नुसती फिरते, आपण किती फिरलो हे तिला माहीत नसतं. सर्व्हो मोटरचं तसं नाही. कॉम्प्युटरने सांगितलं तेवढीच ती फिरते, कुठवर पोचलो ते कळवते, आणि चुकली तर मुकाट्याने चूक सुधारते. मालन आतून ऐकत होती. असं काहीतरी घरात असावं, असं तिलाही वाटलं. लग्नाआधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

दिनकरने दोन्ही मशीनच्या जुन्या मोटरी काढल्या. हँडलं काढली. आतले स्क्रू काढून रॉकेलच्या घमेल्यात टाकले. मालन म्हणाली, आधी चाकं तरी करून द्यायची. त्यावर त्याने सांगितलं की आता चाकात केसाच्या शंभराव्या भागाएवढीही चूक राहणार नाही.

"अहो, अंगण शेणाने सारवलेलं आहे," मालन म्हणाली. "त्याला कळणार आहे का?"

दिनकरचे काटे उभे राहिले. साळिंदराचे काटे उभे राहिले की बायकोने आत जायचं, अशी त्या जंगलात रीत होती.

नव्या मोटरी आल्या. बसवायला गेला तर भोकं जुळेनात. मधे एक पट्टी लागणार होती, गोल खाचेची. ती पट्टी करायला लागणार होता लेथ. आणि लेथ होता घमेल्यात.

बाळांनो, हसू नका. तुमच्याही घरात कुणीतरी असेल.

दिनकर नारबाकडे गेला. नारबाचा लेथ गेल्या थंडीपासून उघडलेला होता, त्याचीही पट्टीच अडली होती. त्या जंगलात हौशी यंत्रकारांचं एक मंडळ होतं. सगळे ओढ्याकाठी जमायचे आणि आपापल्या मशीनमध्ये पुढे काय बसवणार ते सांगायचे. ज्याचं मशीन सुरू असेल त्याला तिथे फारसं बोलू देत नसत. बोलायला त्याच्याकडे असणार काय?

शेवटी मालनच छबूला कडेवर घेऊन ओढ्यावर गेली. बाई माणूस आलेलं बघून सगळे पाय पोटाशी घेऊन बसले. तिने विचारलं की कुणाचंही एक मशीन सुरू आहे का, पोरीची तीन चाकं करायची आहेत. सगळ्यांनी कडेला बसलेल्या बिजू उदमांजराकडे बघितलं. बिजूने मान खाली घातली आणि कबूल केलं की आपलं सुरू आहे. मालनला वाटलं, सुटले.

पण बिजूला इतकी लाज वाटली, की घरी जाऊन त्याने पहिलं काम तेच केलं. मालन लाकूड घेऊन पोचली, तेव्हा त्याचंही मशीन घमेल्यात होतं.

आता साऱ्या जंगलात एकही लेथ धड राहिला नाही. मालन परत आली ती ओसरीत जाऊन उभी राहिली. दिनकरचे काटे उभे राहिले, तरी ती हलली नाही.

"कोयत्याने तासून द्या," ती म्हणाली. "वाकडी द्या, पण चाकं द्या. पोरगी उभी राहत नाहीये माझी."

"कोयत्यानेच करायची होती तर सर्व्हो कशाला आणली मी?" दिनकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोटरींना हुकूम देणारं यंत्र आलं. चांगल्या फळ्यांच्या खोक्यात आलं होतं. दिनकरने यंत्र उचलून छातीशी धरलं आणि खोकं अंगणात भिरकावून दिलं.

छबू रांगत खोक्यापाशी गेली. कड धरून उभी राहिली. डुलली. मालनने डोळे मिटले, मटकन आवाज येईल म्हणून. आवाज आला तो घासल्याचा. तिने डोळे उघडले. खोकं सारवणावरून सरकत होतं आणि छबू त्याच्यामागे पाऊल टाकत होती. एक बारीक नाही, एक जाड नाही, दोन्ही पाय सारखे पडत होते.

मालनने हलकेच हाक मारली, "अहो, बाहेर या."

दिनकर आला. मान तिरकी करून त्याने खोक्याची चाल बघितली.

"डावीकडे ओढतंय," तो म्हणाला. "खाली सर्व्हो लावली की सरळ जाईल."

मालनने ओसरीतलं घमेलं उचलून अंगणात आणलं आणि त्याच्यासमोर बसली. "खोक्याला हात लावलात," ती म्हणाली, "तर हे सगळं ओढ्यात." काटे तिलाही होते, बाळांनो. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे उभे राहिले. दिनकर आत गेला.

बातमी जंगलभर झाली. ओढ्यावर नारबाने जाहीर केलं की दिनूभाऊने सर्व्हो आणली आणि पोरगी आठवड्यात पावलं टाकू लागली. हौसाबाईने खोदून विचारलं, तेव्हा मालनने खरं काय ते सांगितलं. पण खोक्याने पोर चाललं, हे कुणाला पटणार? घरोघर सर्व्होच येऊ लागल्या.

तात्पर्य: घरात एखादं यंत्र नीट सुरू असेल, तर ते ताबडतोब उघडावं. जे करायचं ते काम होणार नाही, पण नव्या वस्तूबरोबर खोकं येतं. फक्त मागवताना पुठ्ठ्याचं नको, लाकडाचंच द्या म्हणून बजावावं.

तुमच्या ओळखीत एखादीचं पोर अजून रांगत असेल, तर तिला एवढं जरूर कळवा. आणि तिलाही पुढच्या बाईला सांगायला सांगा.