नाना शक्यता काढतात

रभाजीनाना पान टाकायच्या आधी डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणतात, "तिनात एक."

आमच्या पिंपळवंडीत शेतीची लाईट कधी येईल याचा भरवसा नाय. म्हणून दुपारी मोटारवाले सगळे डीपीजवळच्या शेडात मेंढीकोट खेळत बसतात. वर बल्ब आहे. तो पेटला की जो तो मोटार चालू करायला आपापल्या विहिरीकडं पळतो.

मेंढी म्हणजे दश्शी. चारांतल्या जास्त मेंढ्या ओढेल तो जिंकला. "माझ्या तेरा पानांत बदामाची मेंढी न्हाई," नाना बोट नाचवतात, "म्हंजी ती तुमा तिघांकडंच. भिडूकडं असायची शक्यता तिनात एक. मग बदाम खेळायचाच न्हाई!" आणि किलवर टाकतात. लगेच शिवादादा हुकूम मारून हात घेऊन जातो. नाना शांत.

"गणित चुकलं न्हाई. पानं चुकली."

सगळं शेड लोळतं. मी सोडून.

कारण ते शेड आधी माझं होतं, राव! मंचरला कांद्याचा लिलाव पुकारणारा, बिबट्याचं नाव काढलं की घाम पुसणारे वनखात्याचे साहेब, भाषण विसरलेले सरपंच, सगळ्यांच्या नकला मी एका दमात काढायचो. नाना यायला लागले आणि माझं दुकान बसलं. तोंड उघडलं की शिवादादा म्हणतो, "गप रं, नानांची शक्यता चाललीया."

बरं, माणूस रोज हरतो. तरी त्यांचा भिडू व्हायला भांडणं! लग्नातपण तेच. पंगतीत बसून जिलबी आपल्यापर्यंत पोचायची शक्यता काढणार, जिलबी अलीकडंच संपणार आणि वाढपी हसत हसत आतून आणून देणार. मी वाढप्याची नक्कल केली, तर मला भात.

"आज लाईट यायची शक्यता लई कमी," हे तर नाना पेढे वाटल्यासारखं सांगतात. आणि आलीच, तर म्हणणार, "तुमी व्हा फुडं. मी पानं गोळा करतो."

परवा आमचा फ्यूज उडाला म्हणून तार मागायला नानांच्या विहिरीवर गेलो. उसापलीकडची जागा, बिबट्याच्या भीतीनं तिकडं कोणी फिरकत नाय. नाना शेडात होते. मी परत फिरणार, तेवढ्यात लाईट आली आणि मोटार आपोआप चालू झाली. स्टार्टरला ऑटो! पुढं सगळं ठिबक. म्हणजे या माणसाला लाईटची वाट बघायची गरजच नव्हती.

लई आनंद झाला. घरी येईपर्यंत नानांच्या आवाजात अख्खी नक्कल बसवली.

काल शेडात उभा राहिलो. "ऐका! मी परवा नानांच्या विहिरीवर गेलतो..."

नानांचा पानं पिसणारा हात थांबला. नानांनी माझ्याकडं बघितलं नाय. विझलेल्या बल्बकडं बघत बसले. नानी गेल्या, पोरं चाकणला कंपनीत, घराला दिवसभर कुलूप. सगळं मला माहीत होतं. नक्कल बसवताना तेवढं आठवलं नव्हतं.

"...तितं बिबट्या भेटला," मी नानांच्या आवाजात म्हणालो. "म्हनला, नाना मला घावायची शक्यता शून्य. गडी सदा शेडात!"

शेड लोळलं. तेपण नानांच्याच आवाजाला! माझं जळणं काय सुटत नाय.

बल्ब पेटला. सगळे पळाले. नाना एकेक पान गोळा करत होते.

"तुझी मोटार रं?"

"भाऊ हाय तिकडं. वाटा की."

"दोघांत मेंढीकोट व्हत न्हाई."

"मग गुलामचोर."

"येडा हाय का? एकच गुलाम बिनजोडीचा राहतो, तो ज्याच्या हातात उरला तो चोर. दोघंच असल्यावर तो कोनाकडं हाय, ते दोघांनाबी ठावं असतं. शक्यता काय काढायची?"

"नका काढू."

नानांनी एक गुलाम बाजूला काढून पानं वाटली. आम्ही जोड्या लावून खाली टाकल्या. माझ्या हातात गुलाम नव्हता.

नाना पानांआडून माझ्याकडं बघत होते. मी हात पुढं करून त्यांचं एक पान ओढलं.