मूळ लेखकाचं नाव वगळू नये

रायपुरातली मराठी वाचवणारा माणूस प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर आमच्या घरी या. दार मीच उघडतो!

थट्टा नाही. आमच्या मराठी मंडळातल्या पोरांना मराठी कळते, पण उत्तर येतं हिंदीत. "जेवलास का रे?" विचारलं, की "हाँ काका, खा लिया!" आजोबा मराठीत रागावतात आणि नातू हिंदीत माफी मागतो. म्हणून मी, निरंजन पांढरीपांडे, ऑफिसातून आल्यावर रोज संध्याकाळी बसून मराठी शिकवणारं एक पुस्तक लिहिलं. त्यात बाजारहाट होता, पाहुण्यांशी गप्पा होत्या, सणवार होते आणि लग्नघरात उपयोगी पडावा म्हणून नमुन्याचा एक उखाणाही होता.

पुस्तक झालं आणि मंडळात वाद पेटला. मी म्हणालो, पुस्तक मुक्त ठेवायचं! पीडीएफ सगळ्यांना पाठवायची. ज्याला हवं त्यानं घ्यावं, छापावं, वाटावं, आपल्या सोयीनं बदलावं.

मंडळाचे अध्यक्ष बाबाराव देवपुजारी रेल्वेतून रिटायर झालेले. कुलूप नसलेली वस्तू त्यांना बघवत नाही. त्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलाही कुलूप आहे!

"काहून फुकट वाटून राहिले तुम्ही?" ते गरजले. "किंमत लावा, हक्क राखून ठेवा! उद्या कोणी त्याच्यात भलतंच घुसडलं तर?"

"घुसडू द्या! ज्ञान म्हणजे काय तुमची पाण्याची टाकी आहे?"

"फुकटाले लोक विचारत नाहीत, पांढरीपांडे!"

"आणि किंमत लावली तर तुमचा भार्गव तरी विकत घेईल का?"

भार्गव म्हणजे बाबारावांचा मुलगा. तो मागच्या खुर्चीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आपलं नाव ऐकून त्यानं मान वर केली. "क्या हुआ?"

मी फक्त त्याच्याकडे बोट दाखवलं. वाद तिथेच जिंकला!

"ठीक आहे," बाबाराव म्हणाले. "पण एक जरी तक्रार आली, तर पीडीएफ बंद. सांगून ठेवतो!"

तक्रार? माझ्या पुस्तकाबद्दल? मी हसून हो म्हणालो.

आता मुक्त परवाने तयार मिळतात, हे मला ठाऊक होतं. पण त्यांची भाषा वाचून वकिलालाही झोप लागेल. म्हणून मी पहिल्या पानावर स्वतःच परवाना लिहिला, मराठीत आणि हिंदीत: 'घ्या, वाटा, बदला. अट एकच. जिथे जिथे मूळ लेखकाचं नाव आहे, तिथून ते वगळू नये.' किती सुटसुटीत! माझं मलाच कौतुक वाटलं.

पुस्तक भराभर पसरलं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कोणीतरी त्यात शिफ्टची मराठी घातली. गोल बाजारातल्या एका भांडेवाल्यानं बाजारहाटाचा धडा छापून गल्ल्यामागे चिकटवला. मी तर हवेतच होतो!

आणि मग भार्गवचं लग्न ठरलं. मुलगी रूपाली साहू, छत्तीसगढी. शहराबाहेर सिलतऱ्याच्या ऑफिसात त्याच्याबरोबरच, अकाउंट्समध्ये. बिलावर शिक्का वाकडा पडला तर बिल परत पाठवणारी मुलगी! भार्गवनं तिला माझी पीडीएफ पाठवली आणि ती येता-जाता बसमध्ये मराठी शिकू लागली. बाबारावांच्या घरात माझं मुक्त पुस्तक! मी लग्नाला नवा कुर्ता शिवला.

लग्न लागलं, वरात दारात आली. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. बायकांनी वाट अडवली. "नाव घेतल्याबिगर आत नाही!"

मी गर्दी सारून पुढे गेलो. परीक्षा रूपालीची होती, पण निकाल माझा लागणार होता ना! रूपालीनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"गोल बाजारातून आणली पितळेची परात,
निरंजनरावांचं नाव घेते नव्या घरात!"

काय तो उच्चार! 'पितळेची'मधला ळ ऐकून माझे डोळे भरून आले. "वाहवा!" म्हणत मी जोरात टाळ्या वाजवल्या.

एकट्यानंच वाजवल्या.

"ये निरंजनराव कौन है?" भार्गवनं विचारलं. त्याच्यासाठी मी जन्मभर 'पांढरीपांडे काका' होतो!

बाबाराव हळूहळू माझ्याकडे वळले. त्यांच्या पत्नीच्या, मंदाकिनीबाईंच्या, हातातलं ओवाळणीचं ताट कलंडलं. साहूंकडची एक आजी शेजारणीला म्हणाली, "दमाद के नाव तो भार्गव हे न?"

रूपालीचा चेहरा पडला. "पर काका, पहले पन्ने पर लिखा था! मूल लेखक का नाम जहाँ-जहाँ है, हटाना मना है। मैंने सोचा, रिवाज होगा। सब दुल्हनें यही नाम लेती होंगी!"

रायपुरातल्या सगळ्या नवऱ्या मुली माझं नाव घेतायत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. सुनीतीच्याही आलं असावं. सुनीती म्हणजे माझी बायको. तिनं मला असा चिमटा काढला, की अजून निळं आहे.

"झाली तक्रार!" बाबाराव कडाडले. "आजपासून पीडीएफ बंद!"

अट मीच हसून मान्य केली होती. इतक्या संध्याकाळी खर्चून लिहिलेलं पुस्तक गेलं, याचं वाईट वाटत होतंच. त्याहून वाईट वाटत होतं त्या पोरीचं. बिचारी मापासमोर तशीच उभी.

पण तीच बोलली. थांबत थांबत, मराठीत.

"बाबा, बंद नका करू. माझे सणवार अजून वाचायचे आहेत. मला तुमच्याशी मराठीत बोलायचं आहे."

बाबारावांच्या घरातली तरुण पिढी त्यांच्याशी इतकं लांब मराठी वाक्य कधी बोललीच नव्हती.

"पापा, सही तो बोल रही है," भार्गव म्हणाला.

"तू चूप रे! तुले येते का एवढं?" बाबारावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ये पोरी, आत ये."

"थांबा!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "नाव घेऊ द्या तिले!"

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, बदलू?"

"बदल पोरी, बदल! वाटेल ते बदल!"

तिनं भार्गवरावांचं नाव घेतलं, माप ओलांडलं आणि आत पोहोचल्यावर वळून अकाउंट्सच्या काटेकोरपणानं म्हणाली, "मूळ रचना निरंजनराव पांढरीपांडे. बदल माझा!"

सगळं घर हसलं. बाबाराव तर इतके हसले, की फेटा सुटला. "राहू द्या खुलं," ते मला म्हणाले. "पण तो परवाना लिहायले एखादा शहाणा माणूस पाहा!"

परतताना स्कूटरवर मी पुन्हा फॉर्मात आलो. "पाहिलंस? एवढ्या लोकांत माझं नाव! मूळ रचना निरंजनराव पांढरीपांडे!"

मागून सुनीतीचा आवाज आला. "कोणाची रचना?"

"अगं, पुस्तकातला उखाणा..."

"तुमचं नाव घालून उखाणा कोण करणार? तुम्ही? आपल्या लग्नात दारात उभी राहून म्या केला तो! मले विचारलं होतं पुस्तकात टाकताना?"

स्कूटर आपोआप बाजूला थांबली.

"लोकायनं खुशाल घ्यावा, खुशाल बदलावा," ती म्हणाली. "तुम्ही मात्र परवानगी मागायची!"

मी तिथेच मागितली. "पाहते," म्हणाली. अजून पाहूनच राहिली आहे!