एका टनाला एक किलो

चाकूर तालुक्यात कोंबडीच्या पोटातलं मला जेवढं कळतं, तेवढं खुद्द कोंबडीलाही कळत नाही! असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण लोकांनी अजून खोडून काढलेलं नाही.

खोडतील कसे? उदगीरला दोन दिवसांचं शिबिर केलंय मी! 'ब्रॉयलरच्या आहारातील सूक्ष्म खनिजे'! जस्त, तांबं, मँगनीज, सेलेनियम, सगळं तोंडपाठ. कोंबडीला ती लागतात चिमूटभर, पण ती चिमूट चुकली की पाय वाकडे, पिसं विस्कटलेली आणि वजनाच्या नावानं बोंब. मला प्रमाणपत्रही मिळालं. ते फ्रेम करून दाराच्या चौकटीवर ठोकलंय. आत येणाऱ्यानं मान वर करून बघितलंच पाहिजे!

शिबिरातून येतानाच खनिजांचा दहा किलोचा डबा आणला, रात्री घरात ठेवला आणि सकाळी शेडवर नेला. पांढरा डबा, हिरवं झाकण, वर ऐटीत उभी कोंबडी. एका टन खाद्याला एक किलो! माझे दीड हजार पक्षी. रोज सकाळी पोती फोडायची, खाद्य पसरायचं आणि त्यात ती तपकिरी पूड कालवायची. तोंडाला दुहेरी रुमाल बांधून हं, शिबिरात सांगितलं होतं तसं! एकवीस दिवस नेमानं केलं. आणि पक्षी काय वाढले म्हणता! पस्तीसाव्या दिवशी सव्वादोन किलो! गावात जो भेटेल त्याला मी थांबवून सेलेनियम समजावून सांगायचो. काही लोक तर मला बघून रस्ता बदलायला लागले.

आणखी एक गंमत. खनिजं कालवून घरी आलो की मला सपाटून भूक लागायची. चार-चार भाकरी! आईला म्हणायचो, "बघ, नुसती हाताला लागली तरी गुण येतोय!"

माझी आई म्हणजे सरजाबाई. तिचा येसर पंचक्रोशीत नावाजलेला. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या असं सगळं भाजून दळायचं, आणि घरात कार्य निघालं की त्या पुडीची आमटी करायची. ती आमटी वाढली की पंगत उठायचं नाव घेत नाही. आईची दुसरी ख्याती अशी, की ती रिकामा डबा फेकत नाही. कोंबड्यांच्या औषधांचे, जीवनसत्त्वांचे माझे सगळे डबे ती धुऊन घरात घेते. एकात तूरडाळ, एकात कुरडया, एकात शेंगदाणे. अकरा डबे, अकराही डब्यांवर कोंबडी!

"तुला कळतंय कसं गं, कशात काय हाय ते?" मी एकदा विचारलं.

"जागेवर असलं की कळतंय. तू हलवू नको म्हंजे झालं."

मधे तिचा कसला तरी डबा गायब झाला. तिनं शेजारच्या लक्ष्मीबाईवर संशय घेतला आणि दोघींचं बोलणं बंद झालं. बायकांच्या भांडणात मी पडत नाही. संशोधन करणाऱ्या माणसाला तेवढा वेळ कुठं असतो!

तर मुद्दा असा, की माझी धाकटी बहीण पंचशीला हिचं लग्न जमायचं होतं. म्हणजे तिनं आणि दयानंदनं लातूरच्या क्लासमध्येच जमवलं होतं. अडून बसल्या होत्या दयानंदच्या आई, नागुबाई. नांदेडात राहणाऱ्या, करड्या शिस्तीच्या. त्यांना खेड्यातली सोयरीक नको होती. तीन वर्षं पंचशीलानं वाट बघितली. दुसरी स्थळं आली, तिनं तोंड वळवून बघितलं नाही. शेवटी एकदाचा निरोप आला, "रविवारी येतो. घर बघू, माणसं बघू, मग ठरवू."

शनिवारी पंचशीला माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा, उद्या एकच कर. कोंबडीविषयी एक शब्द बोलू नको."

"एकबी?"

"एकबी न्हाई. तीन वर्षं झालीत दादा. उद्या मोडलं तर पुन्हा न्हाई जुळायचं."

मी डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. स्वतःच्याच डोक्यावर घेतली, तेवढं भान होतं.

रविवारी अकराला मंडळी आली. दयानंद, नागुबाई आणि त्यांचे भाऊ शेषेराव. शेषेरावमामा आत येतानाच थांबले. मान वर केली आणि माझं प्रमाणपत्र बराच वेळ वाचत राहिले.

"सूक्ष्म खनिजं का? वा! मी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. तीस वर्षं नोकरी केली."

अरे देवा! सेलेनियम थेट ओठांवर आलं. पंचशीलानं दारातून डोळे वटारले. मी जीभ दातांखाली दाबून नुसता हसत राहिलो. पाच मिनिटं दाबली. सहाव्या मिनिटाला मामांनीच विचारलं, "किती पक्षी हायत तुमच्याकडं?"

आता पाहुण्यांनी विचारल्यावर उत्तर न देणं हा अपमानच नाही का? मी पंधराशेपासून सुरू झालो तो सेलेनियमवरच येऊन थांबलो! मामा खूश. म्हणाले, "चला, शेड बघू. जेवायला वेळ हाय."

"तुम्ही या जाऊन," नागुबाई म्हणाल्या. "माझी शुगरची गोळी घेऊन झालीय. मला जेवावं लागंल."

शेडमध्ये मामांनी एक पक्षी उचलला, पाय तपासले, छाती चाचपली. "भारी हाय बुवा! काय देऊन राहिलात?"

ह्याच प्रश्नाची तर मी एकवीस दिवस वाट बघत होतो! कोपऱ्यातला डबा आणला आणि नजराणा द्यावा तसा पुढं धरला. तळाशी ओंजळभर पूड उरली होती. मामांनी चिमूट घेतली. बोटांवर चोळली. हुंगली. मग सरळ जिभेवर ठेवली!

"मामा! ते खायचं न्हाई!"

"का न्हाई?" मामा मिटक्या मारत म्हणाले. "येसर हाय हा. खोबरं जरा जास्त पडलंय, पण फर्मास हाय!"

मी रुमाल न बांधता वाकलो. हुंगलं. येसर! आईच्या हातचा शंभर टक्के येसर!

येसर जर इथं, तर मग खनिजं कुठं? घरात! आईच्या हाताशी! आणि नागुबाई आमटी खायला बसलेल्या!

मी पळालो. पायातली एक चप्पल शेडमध्ये राहिली, दुसरी वाटेत. घरात शिरलो तर पंगत बसलेली. नागुबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या एका डब्यावर गोधडीची घडी टाकून त्यावर बसल्या होत्या. हातात आमटीची वाटी. तोंडाला लावलेली!

"थांबा!" मी ओरडलो आणि वाटी हिसकावली.

होणाऱ्या विहिणीच्या तोंडची वाटी! अर्धी आमटी त्यांच्या पदरावर, अर्धी दयानंदच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर.

"नागसेन! येडा झालास का?" आई किंचाळली.

खरं कसं सांगू? तोंडात आलं ते बोललो, "पाल पडलीय आमटीत!"

नागुबाईंनी तोंडाला हात लावला. आईचा तर तोल सुटला. "माझ्या सैपाकात पाल? आं? चाळीस वरसं झाली, माशी बसू देत न्हाई मी!"

"न्हाई, न्हाई, पाल न्हाई! पालीचं काय न्हाई! आमटी... आमटी लई गरम हाय!"

"ही माझी दुसरी वाटी हाय," नागुबाई थंड आवाजात म्हणाल्या. "गरम असती तर मला कळलं असतं."

दुसरी वाटी! मी हिशोब करायला लागलो, एका टनाला एक किलो, तर एका नागुबाईला किती? पंचशीला भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. त्या नजरेनं माझं काळीज फाटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आमटीत कोंबड्याची खनिजं पडलीत!" मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "जस्त! तांबं! मँगनीज! डब्याची अदलाबदल झालीय! माझ्या कोंबड्या एकवीस दिवस येसर खात होत्या!"

मग आई कंबरेवर हात ठेवून पुढं आली.

"म्हंजे माझा डबा तू नेलास?"

"कुठला डबा?"

"येसराचे दोन डबे केलते मी! एक घरी, एक सोयरीक जमली की नागुबाईला देयाला. त्यातला एक नाहीसा झाला म्हणून मी लक्ष्मीबाईशी बोलत न्हाई! आजची आमटी घरातल्या डब्यातली हाय. हे बघ!" तिनं डबा आणून माझ्या नाकाखाली आदळला. अस्सल येसर!

जीव भांड्यात पडला. पण एक कोडं राहिलंच. तोवर शेषेरावमामा पोचले होते, हातात माझ्या दोन्ही चपला. त्यांनीच विचारलं, "मग खनिजं कुठं हायत?"

सगळ्यांनी घरभर बघितलं. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच ठिकाणी गेल्या. नागुबाई उठल्या. मामांनी गोधडी बाजूला केली. हिरवं झाकण. ऐटीत उभी कोंबडी. सीलसुद्धा फोडलेलं नाही!

"जड हाय, हालत न्हाई, म्हणून बसायला दिला," आई म्हणाली.

"माझ्या डब्याला सील नव्हतं खरं," मी पुटपुटलो. "मला वाटलं आईनं फोडलं असंल."

मामा खाली बसून हसायला लागले. "बरं झालं न्हाई फोडलं ते! अरे, तू खाद्य तयार पोत्यातलं आणतोस ना? त्यात ही खनिजं आधीच घातलेली असतात. पोत्याच्या पाठीमागं छापलेलं असतं. वाचलं न्हाई?"

"न्हाई."

"वरून आणखी एवढं ओतलं असतंस, तर पक्ष्यांना सोसलं नसतं. येसरानं काय झालं न्हाई, कोंबडीला तिखट लागतच न्हाई! पाठीमागचं वाचत न्हाईस, निदान समोरचं तरी वाच. ते दारावरचं, कशाचं प्रमाणपत्र हाय ते?"

दयानंदनं दाराबाहेर जाऊन मान वर केली आणि मोठ्यानं वाचलं, "'दोन दिवस उपस्थित होते.'"

पंचशीला हसली! डोळे पुसत पुसत हसली. पण आम्ही सगळे नागुबाईंकडं बघत होतो. त्या पदरावरची आमटी झटकत होत्या. मग त्या परत डब्यावर बसल्या आणि माझ्या हातातली रिकामी वाटी घेऊन पुढं केली.

"वाढा. तिसरी. ज्या घरात कोंबड्याला बी असला येसर मिळतो, त्या घरच्या पोरीचा हात काय आखडता असायचा न्हाई. सोयरीक पक्की! फकस्त माझा डबा तुमच्या कोंबड्यांनी खाल्लाय, तेवढा भरून द्या. आन एक अट हाय."

"बोला की!" आई म्हणाली.

"साखरपुड्यात पोरीच्या भावानं कोंबडीविषयी एक शब्द बोलायचा न्हाई!"

त्याच संध्याकाळी मी लक्ष्मीबाईची माफी मागून आलो. नवा येसर दळायला गिरणीतही मीच गेलो. आणि साखरपुड्याला शब्द मोडू नये म्हणून तोंडाला तोच दुहेरी रुमाल घट्ट बांधून उभा राहिलो. दोनशे पाहुणे, त्यांत निम्मे कोंबडीवाले, पण मी हूं की चूं केलं नाही!

तेवढ्यात पंगतीत आमटी आली. रुमालाच्या दोन्ही घड्यांतून येसराचा वास असा घमघमत नाकात शिरला, की मी चपापलो. मग शेडमध्ये एकवीस दिवस हा वास आला कसा नाही?

खरं सांगू? येत होता. रोज येत होता. मला वाटायचं, भूक लागली!