बंबाचं गाऱ्हाणं

आग लागल्याचा फोन आला की कुठल्याही गावचा बंब घंटा वाजवत सुटतो. आमच्या गावचा बंब आधी गाऱ्हाणं ऐकायचा आणि मग सुटायचा.

देशावरच्या वाचकांसाठी आधीच खुलासा करते. तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं. एकानं नारळ धरून मोठ्या आवाजात मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून दुजोरा द्यायचा. लग्न असो, जत्रा असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, त्याशिवाय आमचं पान हलत नाही. पण कुणाचं तरी घर पेटलेलं असताना गाऱ्हाणं घालणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या नगरपंचायतीच्या बंबाचे ड्रायव्हर, न्हानूकाका.

बंबाची शेड माझ्या खानावळीच्या बरोबर समोर आहे. त्यामुळे हा खेळ मला कित्येक वर्षं बसल्या जागी बघायला मिळाला. सायरन वाजायचा, माणसं धावत येऊन बूट चढवायची, आणि हे महाशय बंबापुढे डोळे मिटून उभे.

“बा देवा म्हाराजा! आज वरच्या वाडीत काजीच्या बागेक आग लागली आसा. माणसाजनावराच्या जीवाची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमची गाडी पयल्या धक्क्याक सुरू होवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या दुसऱ्या मागण्याला आवाज दुप्पट चढायचा, कारण बंबाचा स्टार्टर केव्हाच कामातून गेला होता. ‘व्हय म्हाराजा’ म्हणत सगळ्यांनी मिळून तो शेडच्या दारापर्यंत ढकलायचा. पुढे उतार आहे, तिथं तो खोकत, धूर सोडत सुरू व्हायचा. एरवी गावात चेष्टा व्हायचीच, “न्हानूचां गाऱ्हाणां संपासर आग आपसूक विझता!” काकांना त्याचं काही वाटत नसे.

गाऱ्हाण्याची सवय त्यांच्या जिभेला इतकी जडली होती की खानावळीत येऊनही तेच. “बा वयनी म्हाराजा! आज सोलकढीत मीठ कमी पडला आसा, तां पुरां कर गो म्हाराजा!” आणि आजूबाजूचे जेवणारे तोंडात घास असताना ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून मोकळे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या सोलकढीला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय. पण मीठ मी गुपचूप आणून ठेवायची.

जळणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. येता-जाता माझ्या गॅसची नळी वाकवून बघायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात होमाशेजारी भरलेली कळशी घेऊन बसले. भटजींनी तूप जरा सढळ हातानं सोडलं, तर हे कळशीसकट अर्धे उठलेले. होळीच्या दिवशी सगळा गाव आनंदानं बोंबलत असताना हे एका बाजूला सासरी नांदायला निघाल्यासारखं तोंड करून उभे असायचे. जेवणसुद्धा गार झाल्याशिवाय खायचे नाहीत.

बंबावर त्यांच्यासोबत पाईप धरायला होता इनास. गळ्यात क्रूस, आवाज फुटक्या भोंग्यासारखा घोगरा. गाऱ्हाणं सुरू झालं की आधी स्वतःसाठी क्रुसाची खूण करायचा आणि मग सगळ्यांत मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचा. दोघं माझ्याकडे एकाच बाकावर जेवायचे आणि सुरमईच्या डोक्यावरून रोज भांडायचे. डोकं शेवटी इनासच्या ताटात जायचं. काकांना मग शेपटीच जास्त आवडते असं आठवायचं. काकांनी लग्न केलं नव्हतं. इनासची बायको लवकर गेली, तेव्हा त्याच्या मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला काका खाकी शर्ट इस्त्री करून गेले होते, एवढं मला माहीत आहे.

एके काळी बंबावरच्या माणसांनी माझं लांब बाकडं भरायचं. मग एकेक जण निवृत्त होत गेला. त्यांच्या जागी दुसरा कुणी आला नाही. बाकडं रिकामं होत होत शेवटी काका आणि इनास असे दोघेच उरले. सायरन वाजला की माझी गिऱ्हाइकं हातातला घास टाकून बंब ढकलायला पळायची. आम्ही हसायचो. यात हसण्यासारखं काही नाही हे आम्हाला काजूच्या कारखान्याला आग लागली त्या दुपारी कळलं.

पाण्याचा जोर आला की पाईप अजगरासारखा उसळतो. तो धरायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी काका पंपापाशी आणि पाईपवर इनास एकटा. पाईपनं त्याला उचलून चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आपटलं. आग विझली, पण इनासचा खांदा कायमचा गेला. लवकर निवृत्ती घेऊन तो गोव्यात मुलीकडे राहायला गेला. जायच्या दिवशी सुरमईचं डोकं दोघांनीही खाल्लं नाही. मी ते मांजराला घातलं आणि आत जाऊन थोडी रडले.

तेव्हापासून काका भेटेल त्याला एकच वाक्य सांगायचे, “पायप धरूक दोन तरी माणसां व्हयी.” कंत्राटावर दोघं आले, तर एक गोव्यातल्या हॉटेलात गेला आणि दुसरा बोटीवर. कुठं आग लागली की शेजारच्या गावचा बंब यायचा. तो पोचेपर्यंत जळायचं ते जळून जायचं.

काका मात्र रोज सकाळी शेड उघडून बंब पुसायचे आणि त्यापुढे गाऱ्हाणं घालायचे. मी पलीकडून नारळ खवताना ऐकायची. आतून ‘व्हय म्हाराजा’सुद्धा ऐकू यायचं, अगदी घोगऱ्या आवाजात. मी समजले, एकटेपणानं म्हातारा दोन्ही आवाज स्वतःच काढायला लागला. एकदा चाचपून बघितलं, “काका, कोणाक ऐकवतास ह्यां गाऱ्हाणां?”

“गाडयेक सवय आसा वयनी,” म्हणाले, आणि पुसायच्या फडक्यात तोंड घातलं.

मग बातमी आली की गावाला नवा बंब मिळणार. जुन्याचं वय झालं, तो भंगारात. नव्याची किंमत ऐकून गावाचे डोळे पांढरे झाले. तेवढ्या पैशांत बंदरावर नवाकोरा धक्का झाला असता, असं कोळीवाड्यातले म्हणत होते. काका खूश होतील असं मला वाटलं होतं. ते सरळ माझ्या खानावळीत जेवत असलेल्या मुख्याधिकाऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. साहेबांशी बोलताना काकांची मराठी एकदम पुस्तकी व्हायची.

“साहेब, गाडी घेतलीत ते बरं झालं. माणसं कधी घेणार?”

मुख्याधिकारी तरुण होते, देशावरचे, स्वभावानं सरळ. “काका, गाडीला निधी आलाय. माणसांना नाही. गाडी एकदाच घ्यायची असते, माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. मी वर सांगून थकलो. वर कुणी हो म्हणत नाही.”

“म्हणजे गाडी एकटीच जाणार आगीवर?”

साहेबांनी भात कालवायला घेतला. राग कुणावर काढावा तेच मला समजेना, म्हणून मी मोलकरणीवर ओरडले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब घाईघाईनं माझ्याकडे आले. “वहिनी, काका उद्या स्टेजवर गाऱ्हाणं घालणार म्हणतात. पाहुणे येणार आहेत हो! अशा दिवशी तक्रार कशाला?” मी हसत हसत त्यांना समजावलं, की आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मांडव, झेंडूच्या माळा, लाउडस्पीकर. नवा बंब लालभडक, बटण दाबलं की सुरू होणारा. जुना मागच्या आवारात, माळेविना. काका नारळ घेऊन माइकसमोर उभे राहिले. शर्टाच्या खिशात त्यांचा मोबाईल जडपणे लोंबत होता.

“बा देवा म्हाराजा! ही नवी गाडी आमका दिलंस, तिका कोणाची नजर लागली तर ती काढून टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा मांडव म्हणाला. स्टेजवरचे पाहुणेसुद्धा हौसेनं म्हणाले.

“हिच्या टाकयेत पाणी कायम भरलेलां ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काका थांबले. “आणि गाडी दिलंस, तशी हिच्यावर चडूक माणसां दी रे म्हाराजा! आज येवन उद्या जाणारी नको. आमच्या गावची, पगाराची, म्हातारी होयसर टिकणारी!”

स्टेजवर ‘व्हय’ म्हणणं म्हणजे कबूल करणं, हे पाहुण्यांना बरोबर समजलं होतं. एकानं फेटा सारखा केला. एकानं घड्याळ बघितलं. आणि आम्ही खालचे, स्टेज काय म्हणतंय याची वाट बघत गप्प. गाऱ्हाण्याला उत्तर मिळालं नाही असं मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. काकांनी नारळ खाली घेतला नाही.

तेवढ्यात त्यांच्या खिशातून आवाज आला, फुटका, घोगरा, आणि लाउडस्पीकरवर सगळ्या बाजारपेठेत घुमला.

“व्हय म्हाराजा!”

इनासचा आवाज. चालू फोनमधून, थेट गोव्यातून. रोज सकाळी शेडमधून ऐकू यायचा तोही हाच, आणि मी मात्र म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून हळहळत बसले होते. मग माझ्यानं राहवेना. मी असेल नसेल तेवढ्या जोरानं ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून ओरडले. माझी गिऱ्हाइकं ओरडली, कोळणी ओरडल्या, अख्खा रस्ता ओरडला. स्टेज गप्पच होतं. साहेबांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण त्या गोंगाटात शपथेवर सांगता येणार नाही.

पाहुणे गेल्यावर काका नव्या बंबाच्या पायरीवर बसले होते. मी सोलकढीचा पेला घेऊन गेले. फोन त्यांच्या हातात होता, स्पीकर चालूच.

“आयकलंस मां रे, इनास? सगळो गाव बोललो.”

“आयकलंय,” पलीकडून इनास म्हणाला. “आवाज खूप इलो. पण पायप धरूक किती जणां आसत?”

काकांनी शेडकडे बघितलं. आत बुटांच्या जोड्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या, पुसून, चकचकीत करून. त्यांनी मान खाली घातली.

मग फोन तोंडाजवळ नेऊन अगदी हळू म्हणाले, “तू जेवलंस मां रे?”